भेकराचे रान

मुलांनो, संगमेश्वर, लांजा किंवा राजापूर तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशी जी गावे आहेत, तेथील रानातून दिवेलागणीच्या सुमारास कुत्रे भुंकल्यासारखा आवाज कधी कधी ऐकू येतो. एकदा भुंकणे, मग क्षणभर शांतता, पुन्हा एकदा भुंकणे. वाडीतील कुत्री तर अंगणातच बसलेली असतात. मग रानात भुंकते कोण? जाणती माणसे सांगतात, "भेकर ओरडतंय. वाघ फिरत असेल." कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणण्याची रीत आहे, हे तुम्हांस ठाऊक असेलच.

हरीण म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर माळावरून उड्या घेत धावणारा कळप उभा राहतो. तो कळप काळविटांचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीच्या माळरानावर काळवीट राहते. तेथे आडोसा थोडा, नजर लांबवर पोहोचते, म्हणून पुष्कळ डोळ्यांनी पहारा करावा आणि संकट दिसताच वाऱ्याच्या वेगाने पळावे, हेच तेथे शहाणपणाचे. खरे पाहता काळवीट हे शास्त्रीय अर्थाने हरीणच नव्हे. त्याची शिंगे पोकळ असून ती जन्मभर टिकतात. खऱ्या हरिणांची शिंगे भरीव असतात, बहुधा नरालाच असतात, आणि ती ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. आपल्या बोलीभाषेने दोघांनाही हरीण म्हटले, त्यात भाषेचा दोष नाही. पण दोघांची राहणी मात्र अगदी निराळी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील रान म्हणजे करवंदीच्या जाळ्या, वेलींचे गुंते, उतरणीवरची दाट झाडी आणि मध्येच उघडा कातळ. अशा ठिकाणी धावण्याची शर्यत लावून काय उपयोग? येथे जगायचे तर लपता आले पाहिजे. भेकराचा देह जणू याच कामासाठी घडलेला आहे. खांद्यापाशी त्याची उंची सुमारे ५० ते ७५ सेंटीमीटर आणि वजन २० ते २८ किलो. पाठ थोडी कमानदार, मागचा भाग उंच, चालताना मान खाली. त्यामुळे जाळीच्या तळाशी जी अरुंद वाट असते, तिच्यातून ते सहज निसटते. नराची शिंगे आखूड व मागे झुकलेली असतात. ती वेलींत अडकत नाहीत. या शिंगांची बुडे कातडीने झाकलेली असून त्यांच्या कडा कपाळावरून खाली उतरतात, म्हणून भेकराचा चेहरा सदा चिंताक्रांत दिसतो. नराच्या वरच्या जबड्यातून दोन सुळे बाहेर डोकावतात. दोन नरांची झुंज लागली म्हणजे शिंगांपेक्षा या सुळ्यांचेच घाव अधिक होतात.

अंगाचा रंग तांबूस तपकिरी, वाळलेल्या पाचोळ्याशी मिळताजुळता. भेकर बहुधा एकटेच हिंडते. दाट झाडीत कळपाने फिरणे म्हणजे पावलांचा आवाज वाढवणे होय.

आता त्याची इंद्रिये पाहा. हरिणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. एक पुढच्या वाटेचा कानोसा घेतो, तर दुसरा मागच्या. मात्र त्याला तांबडा रंग आपल्याप्रमाणे ओळखता येत नाही. आपल्याला भडक नारिंगी दिसणारा पट्टेरी वाघ हरिणाच्या दृष्टीला भोवतीच्या हिरव्या झुडपांतच मिसळून जातो. म्हणून ते डोळ्यांपेक्षा नाकावर व कानांवर अधिक विश्वास ठेवते, आणि हलणारी वस्तू त्याला चटकन जाणवते.

खाण्याच्या बाबतीतही त्याची युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. चरताना मान खाली जाते, लक्ष विभागते, म्हणून चरण्याची वेळ धोक्याची. हरिणाला वरचे पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांच्यामध्ये पाला धरून ते भराभर तोडते व जवळजवळ न चावताच गिळते. मग एखाद्या सुरक्षित जाळीत बसून, कान टवकारलेले ठेवून, स्वस्थपणे रवंथ करते. जोखमीचे काम थोड्या वेळात उरकायचे आणि वेळखाऊ काम आडोशाला करायचे, असा हा हिशेब. कोवळा पाला, अंकुर, गवत आणि झाडाखाली पडलेली फळे हे भेकराचे अन्न. आवळा त्याला फार आवडतो. आवळ्याची आठळी ते रवंथ करताना तोंडावाटे बाहेर टाकते, आणि मूळ झाडापासून दूर कोठे तरी नवा आवळा उगवतो.

आणि ते भुंकणे कशासाठी? लपणाऱ्या प्राण्याने आवाज करावा हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु बिबट्याची सारी मदार अचानक झडप घालण्यावर असते. "तू मला दिसलास" असे एकदा भेकराने जाहीर केले, की झडपेतील अचानकपणा संपला. अभ्यासकांना हेच कारण पटते, आणि मलाही. हा इशारा वानरे ओळखतात, सांबरे ओळखतात. सारे रान सावध होते. भेकर कधी कधी बराच वेळ भुंकत राहते. त्याला भित्रे म्हणून हिणवणाऱ्याने याचा विचार करावा.

भेकराला एका वेळी सहसा एकच पाडस होते. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाच्या कवडशांत ते दिसेनासे होते. आई त्याला झुडपात बसवून चरावयास जाते आणि मधून मधून पाजावयास येते. पाडसाच्या अंगाला वास फार थोडा असतो. धोका जवळ आला की ते पळत नाही. मान जमिनीला टेकून निश्चल पडून राहते. बिबट्या अगदी जवळून निघून जातो, तरी त्याला पत्ता लागत नाही.

परंतु निश्चल राहण्याची ही विद्या वणव्यापुढे चालत नाही. माघ-फाल्गुनानंतर डोंगरावरचे गवत वाळते. कोणी बागेची साफसफाई करताना, कोणी निष्काळजीपणे विडी टाकून, कोणी मुद्दामही आग लावतो, आणि ती आग उतरणीवरून वर वर चढत जाते. मोठे भेकर पळून जाते. पाडस शिकवणीप्रमाणे पडून राहते.

दुसरा धोका दयाळू माणसाचा! रानात एकटे पाडस दिसले की ते आईवाचून पोरके झाले असे समजून लोक त्याला घरी आणतात. आई बहुधा जवळच असते आणि माणूस दूर जाण्याची वाट पाहत असते. घरी गाईचे दूध त्याला मानवत नाही, हगवण लागते, आणि अशी पाडसे पुष्कळदा दगावतात. त्याला हात न लावता मुकाट्याने मागे फिरावे. ते जखमी असेल तर वनखात्यास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला घरी पाळणे हाही गुन्हाच आहे.

भेकराचे दोन शेजारी येथेच सांगितले पाहिजेत. पिसोरी हा प्राणी सशापेक्षा थोडासाच उंच, वजन ३ किलोच्या आसपास. तिला शिंगे नसतात. तिच्या जठराला तीनच कप्पे असतात, हरणाच्या जठराला चार. म्हणून शास्त्रज्ञ तिला खऱ्या हरणांत धरीत नाहीत. दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत दडायचे आणि रात्री बाहेर पडायचे, हा तिचा क्रम. उलट सांबर हे आपल्याकडील सर्वांत थोर हरीण. संशय येताच ते पाय आपटते, घोगरा आवाज काढते, आणि रानकुत्री पाठीस लागली तर पाण्यात शिरून तोंड देते. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली घोषित झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्यात येतात. तेथे सांबरांना आसरा आहे.

भेकराचे बरेचसे रान मात्र अशा संरक्षित सीमेबाहेर आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक रान खाजगी मालकीचे. कोणी लाकडासाठी ते तोडतो, कोणी काजूची बाग करतो. बागेत झाडे असतात, पण खालची जाळी साफ केलेली असते, आणि भेकराला तर जाळीच हवी. राखलेल्या देवराया व पऱ्ह्यांच्या काठची झाडी यांचा त्याला मोठा आधार आहे.

वैशाखात पऱ्हे आटतात आणि एखाद्या डोहातच पाणी उरते. अशा डोहाच्या काठी ओल्या मातीत सकाळी पाहिले, तर शेळीच्या खुरापेक्षा लहान, पुढे टोकदार, दोन फाकांचा ठसा आढळेल. तो भेकराचा. त्याहूनही बारीक, अंगठ्याच्या नखाएवढा ठसा दिसला, तर रात्री तेथे पिसोरी पाणी पिऊन गेली असे समजावे.