कूस बदलण्याचे मोल

रुग्णालयाच्या जमाखर्चात औषधे, यंत्रे आणि वेतन यांच्या रकमा दिसतात; रुग्णाची कूस बदलणाऱ्या हातांचा हिशेब तेथे दिसत नाही. तथापि पक्षाघाताने किंवा मणक्याच्या दुखापतीने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा याच कामावर ठरते. म्हणून देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यासाठी शय्याव्रणाविषयी, म्हणजे ‘बेडसोर’विषयी, ही माहिती देत आहोत.

निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. शरीराचा भार एकाच जागी राहिला की हाड आणि गादी यांमध्ये सापडलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात व तेथील रक्तपुरवठा खुंटतो. संवेदना शाबूत असेल तर त्रास जाणवतो आणि माणूस हलतो. संवेदना किंवा हालचाल गेली, की हे संरक्षण संपते. वर्धा जिल्ह्यास हे तत्त्व अपरिचित नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवा आरंभिली; कुष्ठरुग्णाच्या बधिर तळव्यावरील जखमांचे मूळही असेच असते. दाब पडतो, पण जाणवत नाही. ज्याला जाणवत नाही त्याच्या वतीने इतरांनी सावध राहणे, हाच यावरील उपाय होय.

इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून मणक्याच्या रुग्णांना दिवसरात्र दर दोन तासांनी वळविण्याची शिस्त घालून दिली. तोवर असे अनेक रुग्ण व्रण आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत असत.

घरी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी. वेळ वहीत लिहावी. रुग्णास ओढू नये. अंगाखालील दुहेरी चादर दोघांनी धरून उचलावे.

२. पूर्ण कुशीवर न निजवता पाठीशी उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवावे. गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी राहू द्याव्यात.

३. जेवणाची वेळ सोडून खाटेचे डोके फार उंच ठेवू नये. रुग्ण खाली घसरतो आणि कातडी ताणली जाते.

४. माकडहाड, खुबे, टाचा व घोटे रोज पाहावेत. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर ती धोक्याची सूचना होय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे उष्णता किंवा कडकपणा हाताने तपासावा. अशी जागा चोळू नये.

५. लघवी, शौच आणि वैदर्भीय उन्हाळ्यातील घाम यांनी ओली झालेली कातडी हळुवार पुसून कोरडी करावी. रबरी कडे माकडहाडाखाली ठेवू नये. त्याच्या कडेवर दाब वाढतो.

६. डाळ, दूध, अंडी असा प्रथिनयुक्त आहार वैद्यकीय सल्ल्याने द्यावा.

हवेची गादी उपयुक्त आहे. परंतु ती कूस बदलण्यास पर्याय नव्हे. खोल व्रण भरण्यास महिनोन्‌महिने लागतात, प्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते आणि शेतमजूर कुटुंबातील एका माणसाची मजुरी त्यात बुडते. म्हणून देणगीदारांनी गादीइतकेच शुश्रूषा करणाऱ्या मनुष्यबळासही साहाय्य करावे. आप्तांनी रुग्णास घरी नेण्यापूर्वी कूस बदलण्याची रीत परिचारिकेसमोर स्वतः करून पाहावी, ही नम्र विनंती.