अपरिग्रह आणि कुवेत

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला अपरिग्रह सांगितला आहे. अभ्यासवर्गात कोणी विचारले, युद्धात सर्वस्व गेले तर तोही अपरिग्रहच ना? मला तसे वाटत नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेत शहरात शिरल्या, तेव्हा मी तिथे नोकरीला होतो. साठवलेले दिनार मातीमोल झाले. बसने बगदाद गाठले, पुढे जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटात तंबू. पाण्याच्या रांगेत मी एका म्हाताऱ्याला ढकलले. (हे घरी कधी सांगितले नाही.) योगी स्वतः सोडतो; आमचे हिसकावले गेले, आणि मन हावरे झाले. एअर इंडियाने अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले, त्यांत मीही.

आपल्या मदतपेटीत जुने कपडे पुष्कळ येतात. मला तेव्हा हवी होती चप्पल, आणि घरी एक फोन.