एक कप कॉफी आणि दोन जर्मनी

भांडवलशाही बरी की समाजवाद, लोकशाही की एकाच पक्षाची सत्ता, असा वाद निघाला की आपण लगेच तत्त्वांवर जातो. अभ्यास करायचा तर मला प्रश्न थोडा वेगळा मांडावासा वाटतो. दोन व्यवस्थांवर एकाच प्रकारचा आर्थिक ताण आला, तर तो कुणाच्या अंगावर पडतो? त्यासाठी १९७० नंतरच्या दोन जर्मनी घेऊ. भाषा एक, मागचा इतिहास एक. राज्यं मात्र १९४९ पासून दोन.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाले. पश्चिम जर्मनीत चार रविवार खासगी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. महागाई थेट पेट्रोलपंपावर दिसली. १९७५ मध्ये बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली. १९७९ ला तेलाचा दुसरा धक्का बसला. पुढे १९८२ मध्ये आर्थिक धोरणावरून आघाडी फुटली, हेल्मुट श्मिट गेले, हेल्मुट कोल आले. सरकार पडलं, पण व्यवस्था टिकली. चटका मात्र सामान्य माणसाच्या खिशाला आणि नोकरीला बसला, हे विसरायचं नाही.

पूर्व जर्मनीत पाव, घरभाडं, ट्रामचं तिकीट जिथल्या तिथे राहिलं. यामागे भीती होती. १९५३ मध्ये सरकारने कामगारांवरचा कामाचा कोटा दहा टक्क्यांनी वाढवला होता, आणि १७ जूनला असा उठाव झाला की सोव्हिएत रणगाडे आणावे लागले. त्यामुळे भाव वाढवणं म्हणजे आगीशी खेळणं, हे पक्षाच्या मनात पक्कं बसलं. मग वाढलेला खर्च गेला कुठे? सरकारच्या अनुदानात आणि परदेशी कर्जात.

कॉफीचं उदाहरण बघा. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीने कॉफीचे मळे करपले आणि जगभर भाव भडकले. कॉफीसाठी परकीय चलन लागतं, आणि तेच पूर्व जर्मनीकडे कमी. म्हणून १९७७ मध्ये सरकारने ‘काफे-मिक्स’ बाजारात आणलं. त्यात कॉफी जेमतेम निम्मी. बाकी धान्य, चिकोरी वगैरे. लोक इतके वैतागले की सरकारकडे तक्रारींच्या पत्रांचा ढीग लागला आणि मिश्रण मागे घ्यावं लागलं. पश्चिमेत कॉफी महागली तर लोक दुकानदारावर चिडत. इथे दुकानदारही सरकारच, त्यामुळे कपातली बेचव कॉफीसुद्धा राजकारण झाली.

१९८१ नंतर सोव्हिएत संघाने सवलतीच्या तेलात कपात केली. १९८३ मध्ये पूर्व जर्मनीला पश्चिमेकडूनच १०० कोटी मार्कांचं कर्ज घ्यावं लागलं, आणि ते जुळवून दिलं फ्रान्झ योझेफ श्ट्राउस या कट्टर कम्युनिस्टविरोधी नेत्याने! ऑक्टोबर १९८९ मध्ये नियोजन मंडळाचे प्रमुख गेरहार्ड श्युरर यांनी पक्षनेतृत्वाला सांगितलं, की कर्ज वाढणं नुसतं थांबवायचं तरी राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावं लागेल. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली.

पण नुसत्या कर्जाने भिंत पडली, असं लिहिलं तर उत्तर अर्धंच राहील. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायच्या. तिथून निघालेले लोक ९ ऑक्टोबरला हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले. तिजोरीतल्या खडखडाटाने सत्ता कमजोर झाली. तिला नाही म्हणण्याचं धैर्य माणसांनी दाखवलं.

ताण मात्र संपला नाही. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला, तिथले कारखाने स्पर्धेत टिकेनात आणि लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. इतकी वर्षं सरकारने अडवून धरलेलं बिल शेवटी त्यांच्याच हातात पडलं.

म्हणून मला वाटतं, कुठल्याही व्यवस्थेचा अभ्यास करताना वहीत तीन प्रश्न लिहून ठेवावेत:

१. महागाईचा भार इथे कोण उचलतं?
२. तो भार लोकांना दिसतो, की लपवला जातो?
३. तक्रार करायची तर ती कुणाकडे, आणि तिने काय बदलतं?

यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताण सगळ्यांवर येतो; तो बोलून दाखवायची वाट सगळीकडे नसते.