पाच वर्षांपुढचं आयुष्य

प्रश्न : वय ५२. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो झाली. हार्मोनची गोळी चालू आहे. तरी प्रत्येक तपासणीआधी झोप उडते. माणूस यातून खरंच पुढे अनेक वर्षं जगतो का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, होय, जगतो. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास झाला; तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर ८६ ते ९० टक्के हयात होत्या. तुमचा टप्पा कोणता होता, हे मात्र डॉक्टरांना विचारा. आकडा त्यावर ठरतो.

गोळी मनाने बंद करू नका. ती पाच, काहींना दहा वर्षं घ्यावी लागते. आजार उलटण्याचा धोका तिने कमी होतो. वर्षातून एकदा मॅमोग्राफी करा, रोज चाला. नवी गाठ, हाडांत न थांबणारी दुखणी किंवा दम लागणं जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याच शहरात आहे.

तपासणीआधीची धाकधूक जवळपास सगळ्यांनाच होते. त्या दिवशी सोबत कुणाला तरी न्या.