ऊन, वारा आणि मल्टिमीटर

प्रश्न : मी पाटण तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अपारंपरिक ऊर्जेचा धडा मुलं व्याख्या पाठ करून संपवतात. प्रयोगशाळेत फारसं साहित्य नाही. काय करता येईल?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, एक छोटं सोलर पॅनेल आणि मल्टिमीटर एवढं पुरेल. दुपारी पॅनेल सूर्यासमोर धरून विद्युतधारा मोजायला लावा. मग ते हळूहळू तिरकं करा. धारा घटत जाईल. आता एकाच सेलवर पुठ्ठा ठेवा. सेल एकसर जोडणीत असल्याने धारा अपेक्षेपेक्षा खूपच कोसळते. छतावरच्या पॅनेलला झाडाची सावली का चालत नाही, हे मुलांना आपोआप कळेल.

‘जास्त उष्णता म्हणजे जास्त वीज’ हा समजही तपासा. सावलीतलं गार पॅनेल उन्हात आणताच व्होल्टेज नोंदवा, तापल्यावर पुन्हा नोंदवा. ते उतरलेलं दिसेल. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे.

तुमच्या तालुक्यात तर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि जवळच १,९६० मेगावॅटचा कोयना जलविद्युत प्रकल्प. मुलांना विचारा : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती किती पट होईल? उत्तर आठपट, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पवनचक्क्या पठारावरच का, हे मग सांगावं लागणार नाही.

शेवटी वाद घडवा : वारा पडलेल्या रात्री वीज कुठून आणायची? कोयनेचं साठवलेलं पाणी त्या चर्चेत येऊ द्या. गुण मात्र व्याख्येला नको, नोंदवहीला द्या.