नक्कल आणि सनद : लॅपटॉपवरील ऑपरेटिंग सिस्टीमच्या परवान्याचा विचार

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला आणि लहानशा दुकानदारालाही विवरणपत्रांसाठी संगणकाचा आश्रय करावा लागला. ज्या पेढ्यांच्या चार-सहा शाखा आहेत, त्यांच्याकडे तर दर दोन-तीन वर्षांनी नवे लॅपटॉप येतात. अशा वेळी तंत्रज्ञ एक यंत्र सर्व प्रोग्रॅम घालून सिद्ध करतो, त्याची संपूर्ण नक्कल काढतो आणि तीच इतर यंत्रांवर उतरवितो. या नकलेस ‘इमेज’ म्हणतात. चार दिवसांचे काम त्यामुळे चार तासांत होते. परंतु पुढे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरे उमटतात, आणि “पैसे तर पूर्वीच भरले होते, मग आता हे काय?” असा प्रश्न मालकास पडतो. या प्रश्नाचा उलगडा प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

१. सक्रियता म्हणजे काय?

एका वखारीचे खरेदीखत हुबेहूब उतरवून घेतले म्हणून दुसरी वखार आपल्या मालकीची होत नाही. इमेजचेही तसेच आहे. तिच्यात प्रोग्रॅम, मांडणी आणि कागदपत्रे सारे काही उतरते. वापराचा अधिकार मात्र उतरत नाही.

२००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आली, तेव्हापासून हा अधिकार तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्हेशन’, म्हणजे सक्रियता, ही पद्धत विंडोजमध्ये आणली. खरेदीबरोबर मिळणारी २५ अक्षरांची प्रॉडक्ट की आणि यंत्राच्या सुट्या भागांवरून ठरणारी त्याची ओळख यांची सांगड घातली जाते. या ओळखीत मदरबोर्डला सर्वांत अधिक महत्त्व असते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून यंत्राच्या ओळखीपुढे परवान्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवण्याची सोय झाली. तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. इमेज दुसऱ्या लॅपटॉपवर गेली की सिस्टीमला निराळा मदरबोर्ड आढळतो आणि ती नव्याने अधिकार विचारते. हा बिघाड नसून योजनेचाच भाग आहे.

२. परवान्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार यंत्राबरोबर येणारा, ज्यास ओईएम म्हणतात. तो त्या यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र मोडीत निघाले की परवानाही संपला. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून अशा लॅपटॉपची की कारखान्यातच मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये नोंदविली जाऊ लागली. म्हणून हल्ली लॅपटॉपखाली कीचे लेबल दिसत नाही.

दुसरा प्रकार किरकोळ विक्रीचा, म्हणजे रिटेल. हा जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. मात्र एका वेळी एकाच यंत्रावर.

तिसरा प्रकार घाऊक, म्हणजे व्हॉल्यूम लायसन्स. यात दोन पद्धती आहेत. ‘मॅक’ कीवर ठरावीक संख्येइतकी यंत्रे सक्रिय होतात. ‘केएमएस’ पद्धतीत संस्थेचा स्वतःचा सर्व्हर लागतो; लॅपटॉप-डेस्कटॉपच्या विंडोजसाठी किमान २५ यंत्रे त्याच्याशी जोडली गेल्याखेरीज तो सक्रियता देत नाही, आणि दिलेली सक्रियता १८० दिवस टिकते. त्या मुदतीत लॅपटॉप संस्थेच्या जाळ्यात आला नाही तर ती संपते. फिरतीवरील विक्रेत्याचा लॅपटॉप सहा महिन्यांनी अचानक निष्क्रिय होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. यंत्राबरोबर आलेल्या परवान्यात एक सिद्ध इमेज अनेक यंत्रांवर उतरविण्याचा अधिकार समाविष्ट नाही. घाऊक परवाना घेणाऱ्या संस्थेस तो मिळतो, आणि तोही इमेज व यंत्राचा मूळ परवाना एकाच आवृत्तीचे असतील तरच.

३. कामाचा क्रम

(अ) नवा लॅपटॉप मूळ स्थितीत एकदा सुरू करून इंटरनेटला जोडावा व विंडोज सक्रिय असल्याची खात्री करावी. त्यानंतरच त्यावर इमेज उतरवावी.

(आ) होम व प्रो हे प्रकार तपासावेत. होमचा परवाना असलेल्या लॅपटॉपवर प्रोची इमेज टाकली तर ती सक्रिय होणार नाही. सर्वाधिक घोटाळे येथेच होतात.

(इ) इमेज काढण्यापूर्वी नमुन्याच्या यंत्रावर विंडोजमधीलच ‘सिसप्रेप’ हे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवावे. त्याने त्या यंत्राची खास ओळख पुसली जाते. यंत्र बंद झाल्यावर ते पुन्हा सुरू न करता इमेज काढावी.

(ई) नव्या लॅपटॉपचे ड्रायव्हर हाताशी ठेवावेत. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी.

(उ) इमेज उतरल्यावर तारीख-वेळ बरोबर आहे ना ते पाहून इंटरनेट जोडावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन या क्रमाने गेल्यास स्थिती दिसते. सक्रियता नसेल तर तेथेच ट्रबलशूटर चालवावा अथवा आपली की भरावी. डिजिटल लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असेल तर यंत्राचे भाग बदलल्यावर हे काम सुलभ होते.

(ऊ) टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा परवाना स्वतंत्र असतो. जुन्या यंत्रावर तो आधी ‘सरेंडर’ करावा, मगच नव्यावर सक्रिय करावा.

जुन्या इमेजविषयीही सावध असावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा तिची इमेज नव्या लॅपटॉपवर पसरविणे हिताचे नाही.

४. आडवाट का टाळावी?

ती पुसट अक्षरे घालविण्यासाठी ‘क्रॅक’ नावाचा प्रोग्रॅम चालवून देणारे लोक बाजारात आहेत. त्यांपैकी काही प्रोग्रॅम यंत्रावरच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात. ते चालविण्यासाठी विषाणूरोधक संरक्षण बहुधा बंद करण्यास सांगितले जाते. ज्या यंत्रात पेढीची खतावणी, गिऱ्हाइकांची येणी आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्याचा दरवाजा अनोळखी माणसासाठी उघडा ठेवण्यासारखेच हे आहे. थोडीशी रक्कम वाचविण्यापायी सारी पत पणाला लागते.

कायदाही येथे स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास, नाश वा हानी यांपासून रक्षणासाठी राखीव प्रत काढू देते. त्याच कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे मात्र अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. राखीव प्रत ठेवणे हे दक्षतेचे लक्षण. तीच विनापरवाना दहा यंत्रांवर चालविणे हा अपराध होय.

५. एक सूचना

प्रत्येक पेढीने यंत्रांसाठी एक लहानशी वही ठेवावी. यंत्राचा अनुक्रमांक, विंडोजचा प्रकार, परवाना तिन्हींपैकी कोणता, बिलाचा क्रमांक व तारीख एवढ्या नोंदी तीत पुरेत. नव्या लॅपटॉपच्या बिलावर विंडोजचा प्रकार लिहून घेण्याचा आग्रहही धरावा. मालाची आवक-जावक आपण ज्या काटेकोरपणे मांडतो, त्याच काटेकोरपणाने ही वही ठेवली, तर तंत्रज्ञ बदलला तरी पेढीचे काम अडणार नाही, आणि आपण पैसे मोजून घेतलेला हक्क कोणता, हे मालकास कोणालाही न विचारता सांगता येईल.