पेलेल तेवढेच बोलावे

आपला भंडारा जिल्हा धानाचा. आषाढ लागला की बांध्यांत चिखल होतो आणि रोवणीची धांदल सुरू होते. रोवणी एकट्याने होत नाही. तिला टोळी लागते. टोळीने किती काम अंगावर घ्यावे, हा या पाठाचा विषय आहे.

आमच्या गावी बारा बायांची एक टोळी होती. टोळीच्या प्रमुख बाईंना सगळे मावशी म्हणत. एके वर्षी मावशींनी चार शेतकऱ्यांची २२ एकर रोवणी गुत्त्याने घेतली. टोळीतल्या बायांची स्वतःची शेती २ एकर होती. असे एकूण २४ एकर झाले. "सोळा दिवसांत सारे उरकतो," असा शब्द त्यांनी दिला.

पहिल्या दिवशी दीड एकर रोवून झाले. बाया खूश झाल्या. पण रोज पहिला दिवस नसतो. दुसऱ्या दिवसापासून कंबर दुखू लागली. मग दोन दिवस मुसळधार पाऊस झाला आणि बांध्या तुडुंब भरल्या. एक दिवस आखाडीचा गेला. कोणाला ताप आला, कोणाचे लेकरू आजारी पडले. सोळा दिवस संपले तेव्हा १३ एकर झाले होते आणि ११ एकर उरले होते.

शेतकरी रागावले. त्यांनी पैसे कापण्याची भाषा केली. म्हणून बायांनी आधी त्यांच्या बांध्या रोवल्या आणि स्वतःच्या मागे ठेवल्या. रोवणी सुरू झाली तेव्हा पऱ्हे २४ दिवसांचे होते. मावशींची बांधी रोवली गेली सत्ताविसाव्या दिवशी. म्हणजे पऱ्हे पन्नास दिवसांचे झाले होते. धानाचे पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवले तर चांगले. जून पऱ्ह्याला फुटवे कमी येतात. त्या वर्षी मावशींच्या घरी वर्षभर पुरेल एवढे धान आले नाही. दुसऱ्यांची शेते हिरवी करणाऱ्या बाईला विकतचे तांदूळ आणावे लागले.

आळस कोणी केला नव्हता. चूक बोलण्यात झाली होती.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात, पऱ्हे टाकण्याच्या आधी, सगळ्या बाया शाळेच्या ओट्यावर बसल्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, आमचा हिशेब मांडून द्या जी." मी पाटी घेतली. पण हिशेब त्यांनीच सांगितला.

मी विचारले, "रोज किती एकर होते?"

एक तरुण बाई म्हणाली, "दीड एकर!"

मावशी म्हणाल्या, "तो पहिल्या दिवसाचा आकडा आहे बाई. गेल्या साली काम केलेले दिवस तेरा, आणि झाले तेरा एकर. म्हणजे रोजचा एकच एकर."

मग पाटीवर असे लिहिले :

एकूण दिवस १६
पावसाचे २ वजा
आखाडीचा १ वजा
दुखण्याखुपण्याचा १ वजा
हाती राहिले दिवस १२
रोज १ एकर, म्हणजे १२ एकर

तरुण बाई कुरकुरली, "कमी एकर म्हणजे कमी पैसे नाही का मावशी?"

मावशी म्हणाल्या, "बारा एकर सोळा दिवसांत. बाकीचे त्याच्या नंतर. काम सोडायचे नाही, पाळी लावायची."

त्या रात्री मावशी शेतकऱ्यांकडे गेल्या. ज्याची पाळी उशिरा, त्याने पऱ्हे उशिरा टाकावे, असे त्यांनी सांगितले. दोघांनी ते ऐकले. एकाला पटले नाही, त्याने दुसऱ्या गावची टोळी ठरवली. भांडण मात्र झाले नाही, कारण गोष्ट आधीच कळली होती. बायांच्या स्वतःच्या २ एकरांची पाळी पाचव्या आणि सहाव्या दिवशी धरली. रोज संध्याकाळी मावशी भिंतीवर कोळशाने रेघ ओढीत. एक एकर, एक रेघ. काम मागे पडले की त्याच दिवशी दिसे.

त्या वर्षी पावसाने एकच दिवस खाल्ला. सोळाव्या दिवशी भिंतीवर तेरा रेघा होत्या. बोलल्यापेक्षा एक जास्त! पुढच्या पाळीच्या शेतांतही पऱ्हे जून झाले नाही.

मोठ्या कामांनाही हाच नियम आहे. आपल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सुरुवातीचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे खर्च कितीतरी पटींनी वाढला. वीस वर्षे उलटली तरी काम पुरे झाले नव्हते. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. काम मोठे असो की लहान, अंदाज चुकला की वाट पाहणाऱ्याचे नुकसान होते.

तेव्हा भाऊ-बहिणींनो, रोवणी असो, तलावाचा गाळ काढणे असो, की बचतगटाचे पापड असोत, एवढे ध्यानात ठेवा :

१. मागे खरोखर किती काम झाले ते आधी पाहा. सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा धरू नका.
२. पाऊस, सण आणि आजार यांचे दिवस आधीच वजा करा.
३. आकडा सगळ्यांनी मिळून ठरवा. ज्याची कंबर वाकते त्याला विचारा.
४. जमणार नसेल तर आधी सांगा. उशिरा सांगितलेले खरेही कामाचे नाही.
५. झालेले काम रोज मोजा.
६. आपल्या स्वतःच्या बांधीची पाळी शेवटी ठेवू नका.

फार कमी बोलणेही बरे नाही. त्याने टोळी सुस्त होते. थोडा जोर लावावा लागेल, पण पाठ मोडणार नाही, असा आकडा धरावा.

करून पाहा : एका टोळीत १० माणसे आहेत. ती रोज ५ गाड्या गाळ काढतात. काम २० दिवसांचे आहे. त्यांतले ४ दिवस सुटीचे. टोळीने किती गाड्यांचा शब्द द्यावा? पाटीवर मांडा आणि शेजाऱ्याला समजावून सांगा.